शून्य पॉइंट शून्य तीन

मी मल्टीमीटर बोलतोय. पिवळं रबरी कवच, मध्ये फिरवायची कळ, एक लाल वायर आणि एक काळी. गाडीत वीज किती आहे आणि कुठे मुरते, ते मी आकड्यात दाखवतो. कोणाची बाजू घेत नाही, त्यामुळे मला फारसे मित्र नाहीत.

कारखान्यातून निघालो तो थेट फ्यूजकाकांच्या टेबलावर आलो. काका गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घाईघाईत माझी लाल वायर भलत्याच भोकात खोचली आणि मला सरळ बॅटरीला लावलं. माझ्या पोटातला फ्यूज उडाला. "मीटरच फालतू निघाला," म्हणून त्यांनी मला ड्रॉवरमध्ये फेकलं. अख्खं वर्ष मी पकडी आणि मेलेल्या बल्बांच्या संगतीत काढलं. तेवढ्या काळात काका वायर टेकवून ठिणगी बघत आणि छातीठोकपणे निदान सांगत. ते चुकलं की दोष बॅटरीचा. शेवटी काकूंनीच नवा फ्यूज आणून माझ्यात बसवला आणि मला काकांच्या पुढ्यात आपटलं.

मग एका सोमवारी एक पांढरी व्हॅन दोरी बांधून ओढत आणली. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन पोचवणाऱ्या लाँड्रीची होती. लाँड्री लेक सांभाळायची, व्हॅन तिचे वडील चालवायचे. शनिवारी दुपारी व्हॅन घरी उभी राहायची आणि सोमवारी सकाळी चालू व्हायची नाही. दोन नव्या बॅटऱ्या टाकून झाल्या होत्या.

"काका, तिसरी टाका," लेक म्हणाली. "आणि बाबांना आता तुम्हीच समजवा. लाइट चालू ठेवून घरात येतात आणि वर म्हणतात, मी बंद केले होते."

"केले होते गं," वडील स्टुलावरून म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, मला तरी तसं आठवतंय."

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दुसऱ्या दिवसापासून नवा ड्रायव्हर येणार होता. तीस वर्षं गाडी चालवलेला हा बाप गेले तीन महिने घरी पोचल्यावर दोनदा बाहेर येऊन लाइटची काच गरम तर नाही ना, हे हात लावून बघत होता. हे त्याने काकांना हळूच सांगितलं, लेक फोनवर बोलत असताना.

काकांनी दुकानातली भरलेली बॅटरी बसवली, तिची एक वायर सोडवली आणि मधल्या जागी मला जोडलं. आता बंद गाडी जेवढी वीज पिईल, तेवढी माझ्यातूनच जाणार होती. चादरी दुसऱ्या टेम्पोत हलवायच्या होत्या, म्हणून मागचं दार उघडं होतं आणि आतला दिवा लागला होता. काकांनी दाराच्या चौकटीतलं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावली. दिवा विझला. "आता कोणी गाडीला हात लावायचा नाही. गाडी झोपायला, म्हणजे आतलं सगळं बंद व्हायला, वीस मिनिटं घेते."

आकडा हळूहळू उतरला. तीन पॉइंट आठ अँपिअर. शून्य पॉइंट नऊ. मग शून्य पॉइंट शून्य तीन.

"एवढी तर कुठलीही गाडी पिते," काका म्हणाले. "गाडीत फॉल्ट नाही."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आकडा खरा होता, पण मला तो पहिल्यांदाच आवडला नाही.

वडील उठले आणि सवयीने मागचं दार लावायला गेले. "ही पट्टी कसली?"

"बटण दाबून ठेवलंय. म्हणजे गाडीला वाटतं, दार बंद आहे."

"मग दारच लावून बघा की. आमच्या घरी कुठे पट्टी असते?"

त्यांनी पट्टी ओढून काढली आणि दार लावलं. "त्याने काय फरक पडणार..." म्हणत काका माझ्याकडे वळले आणि वाकून आकडा पुन्हा वाचू लागले. एक पॉइंट सहा चार. दहा मिनिटं गेली, वीस गेली, आकडा जागचा हलेना.

मागे खिडकी नव्हती. काकांनी फोनचा कॅमेरा चालू करून आत ठेवला आणि दार पुन्हा लावलं. फोन बाहेर काढून बघतात तर काय, बंद दाराआड दिवा लख्ख जळत होता. दार बिजागरीत खचलं होतं, त्यामुळे ते बटणापर्यंत पोचतच नव्हतं. जे काम दार करत नव्हतं, ते काकांच्या पट्टीने केलं होतं. काकांनी कान पकडले आणि बिजागरी नीट करून दिली.

लेक बराच वेळ तो फोन बघत राहिली. मग पर्समधून किल्ली काढून तिने वडिलांच्या हातात ठेवली. "चला बाबा, चादरींना उशीर होतोय."

"आज तूच चालव," ते म्हणाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

आता माझ्या पडद्याचा एक कोपरा पुसट झालाय आणि काळी वायर दोनदा जोडून झालीय. व्हॅन ठणठणीत आहे. नवा ड्रायव्हर आलाच नाही. तरी वडील दर सोमवारी व्हॅन घेऊन दुकानात येतात आणि मीटर लावायला सांगतात. चष्मा लावून स्वतः वाचतात, "बारा पॉइंट सहा व्होल्ट." म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग विचारतात, "ठीक आहे ना? नक्की?" काका म्हणतात, "नक्की." पुढच्या सोमवारी ते पुन्हा हजर.

लाँड्रीवाल्या बाई, माझं हे बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं तर एवढं करा. किल्ली दिलीत, ते बरं झालं. पण "बाबा, तुम्ही विसरला नव्हता," असं एकदा तोंडाने म्हणा. ते दर सोमवारी तेच ऐकायला माझ्याकडे येतात आणि माझ्याकडे फक्त आकडे आहेत.