न विचारलेले प्रश्न

तिसऱ्यांदाही रंग आलाच. नियमाप्रमाणे रक्त दोनदाच तपासायचं होतं, पण तंत्रज्ञ ताईंना राहवलं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी तपासणीच्या पट्टीवरच्या खाचेतला, रक्तात दोष असल्याचं सांगणारा तो पिवळा ठिपका पुन्हा पाहिला. रक्तपेढीच्या या खोलीत एरवी माणसं नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि ताईंना ते बरं वाटायचं. हा क्रमांक मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लेथवाल्यांच्या पिशवीवर चिकटवला होता.

लेथवाले म्हणजे कारखान्यात लेथ मशीन चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको गेलेली, मुलगी परदेशात. दर तीन महिन्यांनी स्वारी हजर, दारातूनच बाही वर करत. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसायचं असतं. हे तासभर ठाण मांडायचे आणि ताईंची टर उडवायचे. "तुमच्या हातचा चहा म्हणजे औषधच, ताई. एका घोटात तोंड वाकडं." ताईंच्या घरीही वाट पाहणारं कुणी नव्हतं. ते यायचे त्या दिवशी त्या आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभ्या राहत.

रक्त घेण्याआधी फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे असतात. लेथवाले म्हणायचे, "पहिल्या दोनांना हो, बाकी सगळ्यांना नाही. मारा खुणा!" आणि ताई निमूट खुणा करायच्या. इतका ओळखीचा माणूस, त्याला काय विचारायचं?

निरोप मिळताच ते आले. बाही वरच होती.

"कुणाला तातडीने हवंय ना? काढा."

"आधी बसा." ताईंनी दार लोटलं. "तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडलाय. डॉक्टरांना दाखवा, बहुतेक बरं होईल. ती पिशवी कुणाला दिली नाही, नष्ट केली. पण यापुढे तुमचं रक्त घेता येणार नाही."

"किती दिवस?"

"कधीच नाही."

ते आपल्या दंडाकडे बघत राहिले.

"ही पिशवी देण्याआधी, त्याच्या मागच्या खेपेनंतर, कुठे सुई, दात, असं काही?"

"दाढ काढली की! बाजारात खुर्ची टाकून बसतो ना एक जण, त्याच्याकडे. त्या खेपेला इथून गेलो त्याच आठवड्यात."

"तो प्रश्न फॉर्मवर आहे," ताई म्हणाल्या. "मी विचारला नाही. तपासणीत सापडलं म्हणून, नाहीतर एखाद्या आजारी माणसाच्या अंगात गेलं असतं. चूक माझी आहे." त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेथवाल्यांनी बाही खाली केली. बटण काही केल्या काजात जाईना.

"म्हणजे आता इथे यायला काही कारण उरलं नाही," ते म्हणाले. ताईंनाही नेमकी तीच भीती होती. लेथवाल्यांनी बटणाचा नाद सोडला. "जाण्याआधी ते सगळे प्रश्न एकदा विचारा तरी. इतक्या वर्षांत ऐकलेच नाहीत."

ताईंनी कोरा फॉर्म घेतला.

"काल रात्री झोप नीट झाली का?"

सवयीचं 'हो' ओठांवर आलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं.

"नाही."

"गेल्या चार तासांत काही खाल्लंय?"

"नाही."

ताईंनी दोन्ही खुणा केल्या. मग पेन खाली ठेवलं, कपाटातून स्वतःचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "अजून बरेच प्रश्न आहेत."