पान एकेचाळीस, जोखीम पहिली

हिशेबनीसांनी आयुष्यात कधी कुणाला आपल्या पगाराचा आकडा सांगितला नव्हता, बायकोलासुद्धा. आणि अशा माणसावर वेळ आली ती अख्ख्या कारखान्याचं पोट उघडं करून दाखवायची!

झालं असं, की पँटच्या चेन बनवणाऱ्या त्या कारखान्याला एक परदेशी गिऱ्हाईक मिळत होतं. त्याची अट एकच: हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे दाखवा. मालकांना चेव चढला. "नुसतं सक्तीचंच कशाला? ज्याची सक्ती नाही तेही सांगून टाका. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

बरंच होतं, पण ते असो.

हिशेबनीसांनी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि वार्षिक अहवाल लिहायला बसले. मानकं म्हणत होती, चित्र खरं हवं. बिचाऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. 'धंद्यापुढच्या जोखमी' या मथळ्याखाली त्यांनी पहिलीच जोखीम लिहिली: "चेनचे दात बसवणारं मोठं मशीन फक्त आमच्या मिस्त्रींना कळतं. वय एकसष्ट. त्यांनी काहीही लिहून ठेवलेलं नाही. ते गेले तर कारखाना बंद. मालक मागे तीन महिने आजारी होते, तेव्हा मात्र उत्पादनात काही फरक पडला नाही."

मालकांनी अहवाल वाचला नाही, चाळला. आपला फोटो नीट आलाय एवढं पाहिलं आणि पाठवून दिला छापायला.

परदेशी गिऱ्हाईक खूश झालं, ऑर्डर आली. मालक आठवडाभर छाती काढून फिरले. पण अहवाल पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या चेनवाल्यानेही वाचला, आणि त्या मेल्याने तर अक्षर न् अक्षर! सोमवारी सकाळी मिस्त्री त्याचं पत्र घेऊन केबिनमध्ये हजर. पहिल्या तारखेपासून या, पगार दुप्पट.

मालक हिशेबनीसांवर उखडले. "अहो, अक्कल गहाण ठेवली होती का? मिस्त्रींचा पत्ता तेवढा द्यायचा राहिला!"

"तो पान बेचाळीसवर आहे, साहेब," हिशेबनीस पुटपुटले.

सत्तर घरांच्या चुली त्या एका मशीनवर पेटत होत्या, हिशेबनीसांची स्वतःचीही. आणि आपल्याच हाताने आपण हे करून बसलो!

"मिस्त्री, पगाराचं बोलू ना आपण," मालक म्हणाले.

"पगाराचं नाही हो." मिस्त्रींनी खिशातून अहवालाचं घडी केलेलं पान एकेचाळीस काढलं. "तीस वर्षं तुम्ही मला 'ते मशीन बघा जरा' एवढंच म्हणत आलात. माझ्यावाचून अडतं, हे मला लेकीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तेसुद्धा परक्या लोकांसाठी लिहिलेलं."

आणि ते खाली कामावर निघून गेले.

मालक थोडा वेळ खुर्चीत चुळबुळले. मग उठले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच खाली मशीनांमध्ये गेले. हिशेबनीस धापा टाकत मागे. मशीनपाशी जाऊन मालक काहीतरी बोलले. मिस्त्रींनी कानाला हात लावला. खडखडाटात कसलं ऐकू येतंय! शेवटी मालकांनीच बटण दाबून मशीन बंद केलं. सत्तर माना वर झाल्या.

"तुम्ही गेलात तर आम्ही बुडालो, मिस्त्री," मालक म्हणाले. कान लालबुंद झाले होते. "जाऊ नका."



मिस्त्रींनी पलीकडच्या चेनवाल्याचं पत्र खिशातून काढलं, त्याच कागदाने सावकाश बोटांचं ग्रीस पुसलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."