फोरमनची टाच

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना सगळे फोरमनच म्हणत, आणि त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची म्हणून तिला बाई. घरातही तीच नावं रुळली होती. बाईंच्या मणक्यातली गाठ काढली तेव्हा कमरेखालचं अंग गेलं, ते गेलंच. तेव्हापासून त्यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून बाथरूममध्ये उचलून नेण्याचं काम फोरमन करत. उचलायला कोणी कामवाली ठेवू या, असं मुलगी कितीदा म्हणाली. "इंजिनं उतरवलीत मी. तुझ्या आईला उचलायला माणूस कशाला?" असं म्हणून ते तिला वाटेला लावत.

बाईंची एक हौस राहिली होती. ज्वालामुखीचा छेद त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी वर्षानुवर्षं काढला, पण निद्रिस्त ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. परदेशातल्या अशा एका तळ्यापर्यंत चाकांची खुर्ची जाईल असा लाकडी रस्ता आहे, हे मुलीनं शोधून काढलं. खोली ठरवली, तिकिटं काढली आणि औषधांची पिशवीही भरून दिली. स्वतःला मात्र तिला रजा मिळेना. "आम्ही काय कुकुली बाळं आहोत?" फोरमन म्हणाले, आणि दोघं निघाले.

पोचल्यावर पहिल्याच दुपारी फोरमननी रस्त्यावरच्या गाडीवर बर्फ घातलेला फळांचा रस घेतला. बाईंनी नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं, पण कळ आली की पळावं लागे, आणि परत येताना भिंतीला हात लावत यावं लागे. खुर्चीत बसलेल्या बाई बाथरूमच्या दाराकडे बघत राहत. पाण्याचा पेला भरून नेऊन द्यावा म्हटलं, तरी त्या छोट्या खोलीत पलंग आणि कपाटामधून खुर्ची वळत नव्हती.

मुलीनं पिशवीत मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं घातली होती. ती पोरांना देतात, असं म्हणून फोरमननी बाजूला सारली. तळ्याला जायची गाडी ठरलेली होती, आणि त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. पाय असे लटपटत असताना बाईंना उचलायचं कसं? हातातून सुटली तर? त्यांना लगेच बरं व्हायचं होतं. पिशवी उपसता उपसता त्यांना अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप सापडली. बाईंना मागे लघवीचा संसर्ग झाला होता, तेव्हाची. डॉक्टरांनी मध्येच गोळी बदलली म्हणून उरलेली.

बाईंनी अडवलं. मुलीला फोन करून डॉक्टरांना विचारू या, म्हणाल्या. माझी गोळी माझ्या दुखण्याची, आणि तुम्हाला दम्यासाठी ती स्टेरॉइडची गोळी रोज चालू आहे, तिचं हिच्याशी जमतं की नाही कोणाला ठाऊक.

"दमा छातीत, ही जाणार पोटात," फोरमन म्हणाले. "त्यांची गाठ कुठं पडणार आहे?"

बाईंना हसू आलं. नेमकं हसायला नको तेव्हा आलं, असं त्या नंतर मुलीला सांगत होत्या. तेवढ्यात फोरमननी गोळी गिळलीसुद्धा.

खरं तर त्या संध्याकाळपर्यंत जुलाब आपोआपच कमी व्हायला लागले होते. श्रेय गोळीला मिळालं. दुसऱ्या दिवशी पोट जागेवर आलं तरी फोरमन सकाळ-संध्याकाळ गोळी घेत राहिले. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, हे बाईंच्या आजारपणात डॉक्टरांनी त्यांना चांगलं दटावून सांगितलं होतं. ते त्यांनी गाठीला बांधून ठेवलं होतं.

तळं बघून झालं. लाकडी रस्त्याच्या टोकाला फोरमननी खुर्चीचा ब्रेक लावला आणि बाईंनी पुढे वाकून पाहिलं. खाली हिरवट पाणी, कडेनं पिवळा थर, आणि वर चढणारी वाफ. मग त्या एकदम शिकवायला लागल्या, हा थर कशाचा, ते पाणी असं का दिसतं, आणि फोरमन मागच्या बाकावरच्या मुलासारखे हो हो करत राहिले. त्यांचं लक्ष डाव्या टाचेकडे होतं. टाचेच्या वर, पोटरीकडे जाणारी जी जाड शीर असते, ती आवळल्यासारखी दुखत होती.

परत येताना ते लंगडताहेत हे बाईंनी पाहिलं. चढावर खुर्ची ढकलली म्हणून असेल, असं ते म्हणाले. रात्री टाचेला बाम चोळला आणि वर ती अँटिबायोटिकची गोळीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर, त्यांनी बाईंना पलंगावरून घ्यायला नेहमीसारखे गुडघे वाकवले. बाईंनी त्यांच्या मानेभोवती हात टाकले. उचलून वळायला त्यांनी डाव्या पायावर जोर दिला, आणि चामड्याचा पट्टा तुटावा तसा आवाज झाला. बाईंनीही तो ऐकला. कोणीतरी मागून दगड मारला असं फोरमनना वाटलं आणि त्यांनी मागं वळून पाहिलंसुद्धा. पाय खालून गेला होता. बाईंना सोडायचं नाही एवढंच सुचलं, म्हणून ते पाठीवर पडले आणि बाई त्यांच्या अंगावर.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"मला कुठं कळतंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

फोरमनना उठता येईना. पंजा टेकवून बघितला, पण तो दुसऱ्याचाच असल्यासारखा लोळत होता. बाई हातांच्या जोरावर त्यांच्या अंगावरून बाजूला सरकल्या आणि दोघं पलंग आणि कपाटामधल्या फटीत शेजारी शेजारी पडून राहिले. फोन खिडकीजवळच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. दाराला आतून साखळी होती. परका मुलूख म्हणून ती फोरमनच आठवणीनं लावत.

त्यांनी हाका मारल्या. आधी मराठीत, मग बाईंनी इंग्रजीत. बाहेर सफाईवाली गालिचा साफ करायचं यंत्र फिरवत होती आणि त्या घरघरीत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. ते यंत्र दाराशी आलं आणि पुढे गेलं. फोरमननी कोपरांवर सरपटत टेबल गाठायचा प्रयत्न केला. पायातून अशी कळ गेली की ते तिथंच तोंडावर पडले. साठ माणसांची बस रस्त्यात बंद पडली तरी हातपाय हलवून काहीतरी करणारा माणूस, तो फरशीला गाल लावून पडला होता.

"बाई, मला काही सुचत नाहीये," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य बाईंनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी हात लांबवला. जेमतेम त्यांच्या शर्टाचं टोक हाती लागलं, तेच धरून त्या पडून राहिल्या.

यंत्र थांबलं तेव्हा बाईंनी पलंगाखालची चप्पल ओढून काढली आणि कपाटाच्या दारावर मारत राहिल्या. सफाईवालीनं दार ढकललं, साखळीच्या फटीतून दोघांना पाहिलं आणि पळाली. मग साखळी तोडायला माणूस आला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई बाईंशी सावकाश इंग्रजीत बोलल्या आणि बाईंनी ते फोरमनना मराठीत सांगितलं. टाचेच्या वरची ती जाड शीर, म्हणजे स्नायुबंध, तुटला आहे. कोणती औषधं चालू आहेत, असं विचारल्यावर बाईंनी पिशवीतून दोन्ही स्ट्रिपा काढून दिल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवरची नावं वाचली. मग म्हणाल्या, या जातीची अँटिबायोटिक गोळी कधी कधी स्नायुबंध कमकुवत करते. वय साठीपुढचं आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका बराच वाढतो. टाच दुखायला लागली तेव्हाच गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आणि ताप नाही, रक्त नाही, असे साधे जुलाब बहुतेक वेळा मीठ-साखरेच्या पाण्यानंच निभावतात. गोळी लागलीच, तर ती डॉक्टरांनी त्या माणसाला बघून द्यायची.

"म्हणजे गरजच नव्हती?" फोरमननी विचारलं.

बाईंनी हे इंग्रजीत विचारलंच नाही. "तसंच म्हणाल्या त्या," एवढंच उत्तर दिलं.

मुलगी फोनवर रडत होती. व्हिसा लगेच मिळत नव्हता. मी गोळ्या नीट तपासून भरायला हव्या होत्या, म्हणत राहिली. बाई तिला समजावत होत्या. त्यांना एकट्या राहणं शक्य नव्हतं, म्हणून हॉस्पिटलनं त्यांनाही फोरमनच्या खोलीतच पलंग दिला होता. तेवढ्यात दोन आडदांड मदतनीस आले आणि बाईंना खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवायला लागले. पलीकडच्या पलंगावरून फोरमन सांगत राहिले, पाठीखाली हात घाला, डावा पाय आधी, तिचा पदर अडकेल. त्यांना मराठी कुठून समजणार? मान हलवून हसले आणि आपल्या पद्धतीनं उचलून मोकळे झाले. पदर अडकलाच.

दोघं दोन खुर्च्यांतून विमानात चढले आणि घरी आले. फोरमनचा पाय बरेच महिने बुटासारख्या प्लास्टरात होता. नंतर काठी आली, पुढे काठीही सुटली, पण वजन उचलायचं नाही हे डॉक्टरांनी कायमचं सांगून ठेवलं. स्टेरॉइड सोडता येत नाही आणि सांधलेल्या स्नायुबंधाचा भरवसा नाही. बाईंना उचलायला सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊ लागली. कामाला चोख होती. ती आली की फोरमन बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहत.

एकदा तिच्या घरी कोणी आजारी पडलं आणि ती आली नाही. बदली बाई मिळाली नाही. मुलगी संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हती. फोरमननी बाईंचं तोंड पुसलं, चहा दिला, उशी सारखी केली. खुर्ची पलंगाला लावून तिचा ब्रेकही लावला. मग नुसते बाईंकडे बघत उभे राहिले.

"करू का प्रयत्न? हळूच?"

"नको," बाई म्हणाल्या. "दोघंही पडू."

फोरमननी खुर्ची परत भिंतीशी नेऊन ठेवली. बाईंच्या पायाशी बसून ते त्यांचे तळवे चोळत राहिले. बाईंना ते कळत नाही हे फोरमनना ठाऊक होतं. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला. बाईंनी पेपर वाचून दाखवा म्हटल्यावर त्यांनी चष्मा शोधायला घेतला.