फिकट रक्त

थोरली जाऊ तुंबड्या लावायची. मागच्या खोलीत एक उंच बाक, त्यावर धुऊन धुऊन विरलेली चादर, खिडकीत उकळून उपड्या घातलेल्या काचेच्या वाट्या आणि हवा ओढून घ्यायचा छोटा पंप, एवढाच तिचा पसारा. बायका पाठदुखी, डोकेदुखी, नाहीतर नुसता थकवा घेऊन यायच्या. ही विद्या तिने मावशीकडून घेतली होती. दर बाईला नवं पातं, नवे हातमोजे. त्यात हयगय नाही.

धाकटी तिच्याकडे पहिल्यांदा पालथी झाली ती दुसऱ्या बाळंतपणानंतर. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती रोलरवर होती. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरायची, झटकायची, ताणून गरम रोलरच्या तोंडात द्यायची, की लगेच पुढची. शिफ्ट संपेपर्यंत बसणं नाही.

"ताई, पायांत शिसं ओतल्यासारखं झालंय."

"होणारच. खराब रक्त साठलंय. हो पालथी."

वाटी लागली की पाठीची कातडी आत ओढली जाई. थोड्या वेळाने थोरली ती काढायची, त्या गोल, जांभळट जागेवर पात्याची टोकं बारीक बारीक टेकवायची आणि वाटी पुन्हा लावायची. रक्त सावकाश जमायचं, काळपट, आणि वाटीच्या तळाशी थरथरणारा गोळा व्हायचा. थोरली तो दाखवायची. "हे बघ. हे घेऊन फिरत होतीस."

आणि धाकटीला खरंच बरं वाटे. खांद्यांमधली गाठ सैल पडे. दिवसाउजेडी आडवं व्हायची घरात तिला एवढीच एक वेळ होती, आणि त्या वेळात कुणी हाक मारत नसे. दोन दिवस अंग हलकं राही. मग पाय पुन्हा जड.

म्हणून ती पुन्हा जाई. आधी महिन्याने, मग पंधरा दिवसांनी, मग दर सुट्टीला.

"वहिनी, लोक स्वतःच्या तुंबड्या भरतात," धाकटीचा नवरा म्हणायचा. तो टेम्पो चालवायचा आणि मागच्या खोलीच्या दाराआत पाऊल टाकायला घाबरायचा. "तुम्ही माझ्या बायकोच्या भरताय."

"तुम्ही या ना भावजी एकदा. जिभेला लावते."

हळूहळू रक्ताचा रंग बदलला. गोळा होईना. वाटीत लालसर, पातळ असं काहीतरी जमू लागलं. थोरलीचा चेहरा उजळला. मावशी म्हणायची, रंग उतरला की रोग उतरला.

धाकटीचा रोग मात्र कुठे उतरला होता ते तिला कळेना. जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागे. रात्री उशीवर कान टेकला की आत कुणी उखळ कांडत असल्यासारखे ठोके ऐकू येत. शिवाय एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. कारखान्यात खळीची पोती असत. जातायेता ती त्यातली कोरडी चिमूट तोंडात टाकायची. दाताखाली ती करकरली की बरं वाटे. जनाची नाही तर मनाची लाज वाटायची, पण हात थांबत नसे.

अशात मुकादमीणबाईंनी सांगितलं, की तिला कायम करणार आहेत. फक्त कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंची तपासणी झाली पाहिजे. कायम झाली, की आजारपणाची रजा मिळणार होती. धाकटीला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त ती रजा.

"मग त्याआधी एकदा नीट साफ करून टाकू," थोरली म्हणाली. "तपासलं तरी चोख निघायला हवं."

त्या दिवशी सात वाट्या लावल्या. रक्त पाण्यासारखं आलं. उठताना धाकटीला खिडकी काळी दिसली. थोरलीने तिला खांद्याला धरून परत आडवं केलं. "घाण निघताना होतं असं," ती म्हणाली, आणि खूश होऊन वाट्या धुवायला गेली.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी धाकटीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याची. बोटाचं रक्त घेऊन यंत्रात घातलं. पाठीला नळी लावायला गेल्या आणि थांबल्या.

"या गोल खुणा कसल्या?"

"जाऊबाई तुंबड्या लावतात. थकवा जातो."

"जातो का?"

"दोन दिवस जातो."

"मग पुन्हा येतो, म्हणून पुन्हा लावता." बाईंनी नळी गळ्यात अडकवली. "माती, खडू, बर्फ, असं काही खावंसं वाटतं?"

धाकटीने मान खाली घातली. "खळ."

"लाजायचं काय त्यात? शरीरातलं लोह संपलं की असं होतं. सवय नाही ती, लक्षण आहे. तुमचं हिमोग्लोबिन सात आहे, बारा हवं. सगळं तुंबडीनेच गेलं असं मी म्हणत नाही. बाळंतपणात गेलं, महिन्याच्या महिन्याला जातंय. पण टाकी आधीच गळत होती, तिला तुम्ही खाली आणखी एक तोटी बसवलीत."

"पण रक्त तर शुद्ध झालं होतं. फिकट यायचं."

"फिकट येतं कारण त्यात लाल काही उरलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही थकलेलाच होता. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि कायम करण्याचं दोन महिने पुढे ढकललं. तोवर घडी घालायच्या टेबलावर, बसून काम. तोवर रक्त वाढलं नाही तर मात्र घरी.

"वहिनीला मी सांगतो," नवरा म्हणाला.

"नको. तुम्ही विनोद कराल."

मागच्या खोलीत बाकावर धुतलेली चादर अंथरलेली होती. थोरलीने पंप पुसत विचारलं, "झालीस कायम? हो पालथी, तुझ्याच नावाने वाट्या उकळल्यात."

"नाही ताई." धाकटी बाकावर नुसती टेकली आणि सगळं सांगून टाकलं. मधे श्वास घ्यायला दोनदा थांबली.

"माझ्या हाताखालून किती बायका गेल्या," थोरली म्हणाली. "एकीचं वाकडं झालेलं दाखव."

"मला बरं वाटायचं ते खोटं नव्हतं, ताई."

"मग?"

"मग आणखी कमी व्हायचं."

थोरलीने पंप खिडकीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "सात म्हणजे फारच कमी का?"

"बाराच्या जागी सात."

"परवा पाण्यासारखं आलं ना," थोरली म्हणाली, "तेव्हा मी आनंदाने यांना जाऊन सांगितलं गं. म्हटलं, धाकटी सुटली एकदाची." ती धाकटीशेजारी बाकावर बसली. "मावशीकडे एक बाई यायची. तिचंही असंच फिकट झालं होतं. नंतर यायची बंद झाली. मावशी म्हणाली, बरी झाली असेल."

मग थोरली उठली, आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. धाकटीने कप हलकेच बाजूला सरकवला.

"आता माझा चहासुद्धा वाईट का?"

"आत्ताच गोळी घेतलीय. चहाने ती अंगी लागत नाही म्हणे. तासभर थांबायचंय."

"सगळंच उलटं निघालं बाई माझं." थोरलीने तिच्या कपावर बशी झाकली. स्वतःचा कप उचलला, पण ओठाला लावला नाही. खालून, जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून शेजारची शिवणकामवाली हाक मारत होती, आहात का, आज फार थकवा आहे हो. थोरली बसूनच राहिली.

"सांगू का तिला, आज नाही म्हणून?" धाकटीने विचारलं.

"तू बस. जिना आहे," थोरली म्हणाली आणि उठली.