टोपीवाली बाई

पडदा पुन्हा काळा. प्रमोदिनीकाकू माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानातल्या खुर्चीत सकाळपासून तशाच बसून होत्या. चहावर साय धरली होती.

त्यांच्या यजमानांनी, महादेवकाकांनी, निवृत्तीनंतर आपली श्रीवर्धनची सुपारीची वाडी बागा आखायच्या एका जुन्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये झाड न् झाड लावून उभी केली होती. खरी वाडी वादळात गेली, मागोमाग काका गेले. उद्या जमिनीचं खरेदीखत होतं, आणि तिथूनच त्यांचा मुलगा सुश्रुत त्यांना पुण्याला नेणार होता. त्याआधी वाडी एकदा बघायची, एवढंच काकूंचं मागणं. जमलं की फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणाल्या, तिथे बघून काय करू.

ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. म्हणून मी संगणकाच्या पोटात जुन्या विंडोजचा दुसरा, नुसता भासाचा संगणक बसवला. पण भासाच्या संगणकाचं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्डही भासाचंच. ड्रायव्हर बदलले, थ्रीडी चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं. कार्ड सापडत नाही, हाच त्याचा हेका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला रडू यायच्या बेतात होतं. काकू मात्र बस उशिरा असल्यासारख्या बसलेल्या.

शेवटी कार्डाशिवायच चित्र काढायला लावलं, आणि वाडी आली. विहीर आली, पाट आले, सुपाऱ्यांच्या रांगा आल्या. पण नुसती खोडं. शेंडा एकालाही नाही.

"पानांची चित्रं ह्याला दाखवता येत नाहीयेत, काकू," मी ओशाळून म्हटलं. "थांबा, अजून एक ड्रायव्हर बघते."

"राहू दे. वादळानंतर दार उघडलं तेव्हा अशीच होती." भाजी संपली म्हणावं तसं त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "विहिरीकडे ने. तिथे टोपीवाली बाई आहे."

त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसंही ठेवता येत. साडीतली बाई त्यात नव्हती, म्हणून काकांनी झगा-टोपीतली एक मड्डम विहिरीपाशी उभी केली होती आणि ही तू, असं काकूंना सांगितलं होतं. काकू तेव्हा चांगल्याच रुसल्या होत्या म्हणे.

मी विहिरीकडे नेलं. तिथे माणसाच्या उंचीचा एक पांढरा चौकोन उभा होता. बाईचं चित्रही उमटलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू पुढे वाकल्या. त्या पांढऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही मी," त्या म्हणाल्या, आणि पदर नीट करून उठल्या. "कर बंद."