चिमणीच्या मापाची काजं

मी शिवणयंत्राचा खण बोलतोय. डाव्या बाजूचा. उजवीकडचा माझा भाऊ नेहमी अडायचा, मी मात्र एका बोटाने उघडायचो. म्हणून बॉबिन, खडू, टेप अशी रोजच्या कामाची मंडळी माझ्याकडेच मुक्कामाला असायची. बढाई मारतोय, पण खोटी नाही.

माझ्या मालकीणबाईंना गल्लीत सगळे टेलरबाई म्हणतात. त्यांनी विजेवरचं यंत्र घेतलं आणि मी अडगळीत दोन वर्षं धूळ खात पडलो. मग एके दिवशी त्यांनी मला पुसलं, मागच्या अंगणात खिडकीच्या वर टांगलं आणि माझ्यात बाजरी नि शेंगदाणे भरले. आता मी पाखरांचं ताट झालो होतो.

चिमण्या आल्या, बुलबुल आले. बाई खूश. मग एक कावळा आला आणि बाईंचं डोकं फिरलं. त्याचं नाव त्यांनी काळ्या ठेवलं. तो शेंगदाणा शोधताना निम्मी बाजरी खाली उडवायचा.

"मेला खातो कमी, सांडतो जास्त!" बाई मागच्या दारावर पट्टी आपटायच्या.

कुंपणावर मांजर दिसलं की काळ्याच सगळ्यांत आधी ओरडायचा, त्याच्या मागे लागून त्याला हुसकावायचा. पण बाईंना वाटे, हा उगाच भांडतोय. मला तोंड असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं.

शेवटी बाईंनी दाणे टिपणाऱ्या चिमणीचं डोळ्यांनीच माप घेतलं. माझ्यावर जाळी ताणली, तिला पाच भोकं पाडली आणि त्यांच्या कडा काजासारख्या शिवल्या. चिमणीचं डोकं आत जाईल, कावळ्याचं नाही. काम अगदी चोख झालं. काळ्या दोन दिवस खटपट करून निघून गेला. खाली एक दाणा पडेना.

माझ्या खालच्या खोलीत बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. बुटक्या खिडकीतून त्यांना मी दिसत नाही, दिसते ती हातभर जमीन. जाळी लागल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ताट तसंच परत पाठवलं.

"आई, काही दुखतंय का?"

"नाही गं. माझा लंगडोबा येत नाही. गेला असेल बिचारा."

"कोण लंगडोबा?"

"अगं, तो होला, कबुतराएवढाही नाही, एका पायाचा. वर बसायला पाय धड हवेत ना! खाली पडेल तेच खायचा. कोण टाकायचं देव जाणे, पण रोज पडायचं. आम्ही दोघं बरोबर जेवायचो."

बाई तडक अंगणात गेल्या. कात्री घेऊन स्टुलावर चढल्या आणि जाळी कापून काढली. स्वतःच्या हातची काजं कापताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी जमिनीवर मूठभर बाजरी टाकली. लंगडोबा अंगणावर घिरट्या घालून गेला, पण उतरेना. काळ्या गेल्यापासून मांजराने कुंडीमागे ठाण मांडलं होतं. बाईंनी हाकललं की ते जायचं, त्या आत वळल्या की परत यायचं. सासूबाई दिवसेंदिवस कमी जेवू लागल्या. मला फार भीती वाटली.

मग काळ्या कोणावर ओरडायचा ते बाईंना उमगलं आणि त्या रोज सकाळी त्याच्यासाठी कुंपणावर शेंगदाणे ठेवू लागल्या. पट्टी न घेता लांब उभ्या राहायच्या. "ये रे बाबा, चुकलं माझं," असं एकदा म्हणाल्यासुद्धा. कावळा चेहरा विसरत नाही. आठ दिवस तो तारेवरून नुसता बघत राहिला.

नवव्या दिवशी तो आला. आधी ओरडून मांजराला पळवलं, मग माझ्या काठावर बसून ऐटीत बाजरी उधळली. लंगडोबा खाली उतरला.

माझी दोरी आता झिजलीय, लाकूड फुगलंय. पण अजून काही वर्षं मी सहज टिकेन. तुमच्या अंगणात असा एखादा उधळ्या आला, तर पट्टी उचलण्याआधी जरा खाली वाकून बघा, एवढंच माझं मागणं.

त्या नवव्या सकाळी माझ्या खालच्या खिडकीतून किती दिवसांनी खणखणीत आवाज आला होता, "अगं, मलाही वाढ. लंगडोबा जेवायला बसलाय!"