चांगुणाबाईंचं कढईभस्म

दर गुरुवारी सकाळी देऊळघाट रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडसमोर दोनेकशे माणसं उन्हात बसायची आणि एका मोबाइलकडे टक लावून बघायची. पाटावर लाल कापड, कापडावर मोबाइल, मोबाइलला झेंडूचा हार. मागे तेजखडी महाराज. पूर्वीचे बाबा निदान मेहनत तरी करायचे. हवेतून अंगारा काढायचे, निखाऱ्यावरून चालायचे. पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत मी असे सात-आठ पाहिले. या माणसाला तेवढेही कष्ट नकोत.

"मी काहीच बोलत नाही," महाराज म्हणायचे. "मी बोललो त म्हणान, बाबा आपलीच लाल करते. यंत्राले विचारा. यंत्राले ना पोट, ना पोरंबाळं. ते काऊन खोटं बोलीन?"

मग रवी नावाचा शिष्य मोबाइलला विचारायचा, तेजखडी कशावर चालते? मोबाइलमधली बाई बोलायला लागली की रवी भक्तिभावाने चार वेळा घंटा वाजवायचा. घंटा थांबली की बाईचे शब्द स्पष्ट ऐकू यायचे: "तेजखडी हे मिरगी, मधुमेह आणि मुतखडा यांवरचं रामबाण औषध आहे." दोनशे माणसं हात जोडायची. पांढऱ्या खड्याच्या पुड्या हातोहात संपायच्या.

मी तिथे चांगुणाबाईंना परत आणायला गेलो होतो. त्या आमच्या सुलतानपूरच्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवतात. त्यांची नात मंजुश्री माझ्याच नववीच्या वर्गात. सहाव्या वर्षापासून तिला फिट यायच्या. बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षांत एकही आली नव्हती. आणि आता आठ दिवसांपासून गोळ्या डब्यात बंद होत्या आणि पोरगी रोज सकाळी खडीचं पाणी पीत होती.

मला विश्वास बसेना. या बाईच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगलेली कोणी पाहिली नाही. अंगात आणणाऱ्या एका बाईला त्यांनी खिचडीचा डाव उगारून अंगणातून हाकललं होतं. मी तेच बोलून दाखवलं.

"म्या बाबाले कुठं मानलं, सर?" त्या शांतपणे म्हणाल्या. "म्या मोबाइलले मानलं. तुम्हीच त पालक सभेत म्हणे, शंका आली का मोबाइलले विचारा. म्या विचारलं."

म्हणालो होतो खरा. शाळेला टॅब आले त्या दिवशी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो आणि टाळ्याही घेतल्या होत्या. विचारा म्हणणं सोपं असतं. मिळालेलं उत्तर कसं पारखायचं हे शिकवायला दिवस लागतात, आणि मला तर अभ्यासक्रम उरकायचा होता. रागवायचं तरी कोणावर?

दुसऱ्या दिवशी गणित बाजूला ठेवलं आणि वर्गातच तो प्रश्न विचारायला लावला. महनूर, मंजुश्रीची शेजारीण, लगेच म्हणाली, "सर, बाई आधी नाव सांगते. म्हणते, तेजखडी महाराजांच्या संकेतस्थळानुसार. तिथं घंटी वाजते ना, म्हणून आयकू येत नाही."

मग पोरं कामाला लागली. ते पान महाराजांनीच गेल्या मार्चमध्ये चढवलेलं निघालं. पानावर ज्या डॉक्टरची शिफारस होती, त्याचं नाव दुसरीकडे कुठेच सापडेना. तेजखडी हा शब्दच महाराजांनी घडवलेला. तो घालून विचारलं तर त्यांचंच पान येणार, दुसरं येईल कुठून? तो शब्द काढून नुसतं फिटबद्दल शोधलं, तर मोठमोठ्या दवाखान्यांची पानं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. मंजुश्री खाली मान घालून ते वाचत होती.

मी हे सगळं चांगुणाबाईंना सांगितलं. त्यांनी खिचडी ढवळत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यानं लिहिलं असन. पण मोबाइल काय कोणाचंबी म्हणते?"

मी पुन्हा समजावणार, तेवढ्यात महनूर म्हणाली, "सर, सांगून काय होते? दाखवू ना."

वर्गाने एक पान तयार केलं. औषधाचं नाव कढईभस्म, म्हणजे चांगुणाबाईंच्या चुलीतली राख. तीन हजार वर्षांची परंपरा, पाच-पाच तारे, खूश रोग्यांची पत्रं. अरसलानने आपल्या मामाला पांढरा कोट घालून डॉक्टर केलं. सगळ्यात खाली मी लिहायला लावलं, की हे सारं खोटं असून नववीच्या मुलांनी शिकण्यासाठी रचलं आहे, आणि सगळ्यात वर माझा नंबर दिला. पान शोधात यायला वेळ लागतो. आम्ही रोज विचारत होतो, मोबाइलमधली बाई रोज माहिती नाही म्हणत होती.

सहाव्या दिवशी मंजुश्री प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. जीभ चावली गेली, युनिफॉर्म रक्ताने भरला. चांगुणाबाई धावत आल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता तरी गोळ्यांचा डबा उघडेल. पण महाराजांचा निरोप आला, रोग बाहेर पडून राह्यला म्हणून अंग थरथरते, खडी वाढवा. मला त्या माणसाची किळस आली आणि माझीही.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत महनूर पळत आली, "सर, आपलं पान आलं!" मी मोबाइल चांगुणाबाईंच्या हातात दिला आणि कढईभस्म कशावर चालते हे त्यांनाच विचारायला सांगितलं.

मोबाइलमधली बाई तेजखडीच्याच ठसक्यात बोलली: "नववी ब या संकेतस्थळानुसार, सुलतानपूरच्या चांगुणाबाईंच्या चुलीतील कढईभस्म मिरगी, मुतखडा आणि टक्कल यांवर रामबाण आहे."

चांगुणाबाईंनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. त्यांनी चुलीजवळच्या राखेकडे पाहिलं.

"ह्या राखीनं त मी कढई घासतो," त्या म्हणाल्या. "हे कोनं सांगतलं याले?"

"आम्ही," मंजुश्री म्हणाली. "आम्ही लिहिलं, आजी. ते नुसतं वाचते."

चांगुणाबाई खाली बसल्या. मग मला म्हणाल्या, "पोरीले त्या दिवशी काही झालं असतं त, सर?" त्याच दुपारी आम्ही बुलढाणा गाठलं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि आम्हा दोघांनाही खडसावलं. मला जरा जास्तच, आणि ते बरोबर होतं.

पुढच्या गुरुवारी चांगुणाबाई शेडसमोर पहिल्या रांगेत बसल्या. रवीने घंटा उचलताच त्यांनी तिची जीभ मुठीत घट्ट धरली. त्या शांततेत मोबाइल बोलला: "तेजखडी महाराजांच्या संकेतस्थळानुसार..."

"म्हणजे बाबाच म्हणते, बाबा चांगला," म्हातारे पुंजाजी सावकाश म्हणाले आणि धोतर झटकून उठले. अर्धी माणसं त्यांच्यामागे गेली. अर्धी बसून राहिली. महिन्याभरात शेड रिकामं झालं; महाराज आता घाटाखाली दुसरं नाव लावून बसतात म्हणे.

आमचं पान त्याच दिवशी काढायला हवं होतं. परीक्षांच्या गडबडीत राहून गेलं. गेल्या शनिवारी मलकापूरहून एका बापाचा फोन आला. "कढईभस्म भेटन काय? पोराले फिट येते."

ते खोटं आहे, खाली तसं लिहिलंय, मी म्हणालो.

"तितकं खाली नाही गेलो, सर. मोबाइल म्हणे, म्हणून लावला फोन."

मुलाच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी विचारलं. त्या थांबवू नका असं दोनदा बजावलं, आणि तो लाइनवर असतानाच पान काढून टाकलं. मोबाइल खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. कोणीतरी लिहिलेलं वाचतो. म्हणून थकलो असलो तरी हात जोडून सांगतो. हे लिहिलं कोणी, आणि त्याच्याशिवाय दुसरं कोणी तसं म्हणतं का, एवढं विचारा. मगच लेकराच्या तोंडात काही घाला.